चित्र दाखवा, नाव झाका : आठवी ते दहावीच्या वर्गात चित्रावरून लेखन कसं घ्यायचं

मी पहिल्यांदा आठवीच्या वर्गात चित्र नेलं ते कॅलेंडरवरचं. नारळाची झाडं, एक होडी, केशरी आभाळ. 'यावर सुचेल ते लिहा' एवढं सांगून मी खुर्चीत बसलो. ५२ वह्या आल्या. निम्म्याहून जास्त वह्यांत पक्षी किलबिलाट करत घरट्याकडे परतत होते. चित्रात एकही पक्षी नव्हता. तो थवा निबंधाच्या गाईडमधून थेट वहीत उतरला होता. मुलांनी चित्राकडे बघितलंच नव्हतं, आणि त्यांना बघायला लावावं लागतं हे मलाही ठाऊक नव्हतं.

त्यानंतर बऱ्याच चुका करत करत जी पद्धत हाताशी आली ती इथे लिहितो आहे. तुम्ही मराठी शिकवायला नुकतेच लागला असाल, तर निदान त्या पक्ष्यांच्या थव्यातून तरी सुटाल.

आधी एवढं जमवा

- चित्राच्या ए-थ्री आकाराच्या रंगीत प्रती, सहा मुलांमागे एक. काळी-पांढरी झेरॉक्स काढू नका. अंधारी चित्रं तिच्यात नुसता काळा डाग होतात.
- प्रोजेक्टर किंवा डिजिटल फळा असेल तर उत्तम, पण त्याच्या भरवशावर राहू नका. वीज नेमकी त्याच तासाला जाते.
- पुठ्ठ्याच्या चौकटी. जुन्या लग्नपत्रिका घ्या आणि मधोमध काडेपेटीएवढी खिडकी कापा. दर मुलाला एक.
- पाठकोरे कागद, भरपूर. वहीत मुलं जपून लिहितात. पाठकोऱ्यावर बिनधास्त लिहितात.
- जोड तास. ३५ मिनिटांत बघून होतं, लिहून होत नाही. वेळापत्रक बघणाऱ्यांशी आधीच गोड बोलून ठेवा.
- चित्रकलेचे सर किंवा बाई. एलिमेंटरी-इंटरमिजिएटची तयारी करून घेणाऱ्या या माणसाला मराठीच्या तासाला कोणी बोलावत नाही. बोलावलंत तर ते खूश होतात आणि तुमचं निम्मं काम करून देतात.

चित्रं उतरवून घ्यायला विकिमीडिया कॉमन्स आणि गूगल आर्ट्स अँड कल्चर पुरेसं आहे. आपल्याकडच्या संग्रहालयांसाठी 'म्युझियम्स ऑफ इंडिया' हे सरकारी संकेतस्थळ बघा. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या प्रती मात्र नकोत. त्यांच्यात रंग भडक केलेले असतात आणि कडा कापलेल्या असतात. कधी कधी तर चित्रकाराचं नावच चुकीचं असतं.

१. चित्र निवडा : ज्यात काहीतरी अर्धवट आहे असं

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. चित्र सुंदर असून भागत नाही. सुंदर चित्र बघून मुलं 'किती सुंदर' म्हणतात आणि थांबतात. बघणाऱ्याला जिथे प्रश्न पडतो ते चित्र कामाचं.

अमृता शेरगिल यांचं १९३५ सालचं 'तीन मुली' घ्या. तिघी जणी शेजारी शेजारी बसल्या आहेत, पण एकीचीही नजर दुसरीकडे नाही. मागे भिंत नाही, भांडं नाही, खिडकी नाही. कशाची वाट बघताहेत, कोणी बसवलंय, काही झालंय की व्हायचंय, चित्र काहीच सांगत नाही. नववीच्या मुली या चित्राशी जितक्या पटकन बोलायला लागतात तितक्या दुसऱ्या कुठल्याच चित्राशी लागत नाहीत, असा माझा अनुभव आहे. मुलगे जरा उशिरा लागतात, पण लागतात.

एडवर्ड हॉपर या अमेरिकन चित्रकाराचं १९४२ सालचं 'नाइटहॉक्स' असंच आहे. रात्रीचं रिकामं शहर, काचेआड उजेडातलं एक छोटं हॉटेल, तीन गिऱ्हाइकं आणि एक वाढपी. रस्त्यावरून आत जायचं दार चित्रात कुठेच नाही. हे तुम्ही सांगायचं नाही. दहा मिनिटांत एखादं पोर ओरडतंच, 'सर, हे आत गेले कुठनं?' तिथून गोष्ट सुरू होते.

पौराणिक चित्रं सुरुवातीला टाळा. शकुंतला किंवा दमयंती समोर आली की मुलांना गोष्ट आधीच पाठ असते, आणि ती पाठ केलेलीच उतरवतात. पुढे, हात बसल्यावर, ही चित्रं परत आणता येतात. तेव्हा दमयंतीऐवजी हंसाच्या बाजूने लिहायला सांगा.

एका वेळी एकच चित्र. 'पाचपैकी कोणतंही निवडा' म्हटलंत तर सगळा तास निवडण्यात जातो.

२. नाव झाका

चित्राखालचं नाव, चित्रकार, साल, सगळं कागदाच्या पट्टीने झाका. या पायरीला काही कष्ट पडत नाहीत, तरी नवे शिक्षक हीच विसरतात.

राजा रविवर्मा यांचं १८९३ सालचं एक चित्र आहे. कडेवर मूल घेतलेली तरुण बाई उभी आहे, जवळ कुत्रा आहे, आणि साऱ्यांचं लक्ष चौकटीबाहेरच्या कशाकडे तरी आहे. मी हे चित्र नाव झाकून देतो. कोणी लिहितं गावात बस आली, कोणी लिहितं शेजारच्या घरात भांडण चाललंय. एकदा एकाने लिहिलं की वासुदेव आलाय आणि सुपात घालायला घरात दाणे नाहीत. मग पट्टी काढायची. चित्राचं नाव आहे 'बाबा आले'. वर्गात हशा पिकतो. काही मुलं हिरमुसतात, त्यांना वाटतं आपलं चुकलं. त्यांना लगेच सांगा की बाबा चित्रात दिसतच नाहीत, त्यामुळे कोणाचंच चुकलेलं नाही. हेच नाव आधी सांगितलं असतं तर ५२ जणांनी ५२ बाबा लिहिले असते.

३. तीन मिनिटं गप्प

घड्याळ लावून तीन मिनिटं. पेन खाली, तोंड बंद, नुसतं बघायचं. पहिल्या मिनिटाला खुसखुस होते, दुसऱ्याला कंटाळा येतो, तिसऱ्याला दिसायला लागतं. या वेळात तुम्ही हजेरी भरत बसू नका. तुम्हीही बघा. सर बघताहेत म्हटल्यावर मुलंही बघतात.

४. यादी करा, विशेषणं सोडून

आता पाठकोऱ्यावर दोन रकाने. डावीकडे चित्रात दिसणाऱ्या वस्तू, उजवीकडे घडणाऱ्या क्रिया. निदान वीस-वीस. 'सुंदर', 'मनमोहक', 'विलोभनीय', 'निसर्गरम्य' या शब्दांना या पानावर बंदी. फळ्यावर लिहून वर फुली मारा, मुलांना मजा वाटते.

पहिल्या सात-आठ वस्तू भराभर येतात. मग गाडी अडते. अडू द्या. खरं बघणं बाराव्या वस्तूनंतर सुरू होतं. 'टेबल' लिहून झाल्यावर 'टेबलाची झिजलेली कड' सापडते. मदत करावीशी वाटली तरी उत्तर सांगू नका, फक्त विचारा : उजेड कुठून येतोय? कोणाचे हात दिसत नाहीत? सगळ्यात मागे काय आहे?

याच पायरीवर मुलांकडे शब्द नाहीत हे उघडं पडतं. झारी, कंदील, चौकट, कोनाडा, वळचण, पडवी, यातली निम्मी नावं शहरातल्या मुलांनी ऐकलेली नसतात. ज्या पोराच्या घरी आजी आहे त्याला विचारा. वर्गाचा कोश त्याच्या तोंडून वाढतो, आणि एरवी मागच्या बाकावर बसणारा तो पोरगा त्या दिवशी पुढे येतो.

५. पुठ्ठ्याची चौकट

मोठं, गर्दीचं चित्र असेल तर मुलं भांबावतात. तिथे ती लग्नपत्रिकेची खिडकी चित्रावर ठेवायची आणि तेवढ्याच तुकड्याबद्दल लिहायचं.

यासाठी मला पीटर ब्रूगेल याचं 'मुलांचे खेळ' हे चित्र सगळ्यात आवडतं. १५६० सालचं आहे, मूळ चित्र व्हिएन्नाच्या संग्रहालयात आहे. एका गावच्या चौकात दोनशेच्या वर पोरं आणि ऐंशीच्या आसपास खेळ. आपल्या मुलांना सांगायचं, यातले तुम्ही खेळलेले शोधा. डाव्या खालच्या कोपऱ्यात दोघी जणी हाडकांनी चक्क सागरगोटे खेळताहेत. आंधळी कोशिंबीर आहे, चाक पळवणं आहे, कोलांट्या आहेत. साडेचारशे वर्षांपूर्वीच्या परक्या गावात आपलाच खेळ सापडला की वर्ग चित्राच्या मालकीचा होतो, किंवा उलट म्हणा.

मग खिडकी एका पोरावर आणा. त्याला काय ऐकू येतंय? त्याला खेळात कोणी घेतलंय की नाही? संध्याकाळी घरी गेल्यावर काय बोलणी बसणार आहेत? आठ-दहा ओळी पुरे. खेळात न घेतलेल्या पोराबद्दल वर्गातली कोण मुलं लिहितात तेही लक्षात ठेवा. ते लेखनापलीकडचं आहे, आणि वर्गशिक्षकाच्या उपयोगाचं आहे.

६. एकाचा आवाज घ्या

आता खरं लेखन. चित्रातलं एक माणूस निवडायचं आणि त्याच्या तोंडून लिहायचं.

विन्सेंट व्हॅन गॉगचं 'बटाटे खाणारी माणसं' घ्या. १८८५ सालचं, हॉलंडमधल्या न्यूनेन या खेड्यातलं. वर टांगलेला दिवा, टेबलावर वाफाळत्या बटाट्यांचं ताट, भोवती पाच माणसं. एक बाई कॉफी ओततेय. आपल्याकडे पाठ करून एक मुलगी बसली आहे, तिचा चेहरा दिसतच नाही. बहुतेक मुलं ती पाठमोरी मुलगी निवडतात.

इथे दोन नियम मी पक्के केले आहेत. एक : 'मी एक शेतकरी बोलतोय' अशी सुरुवात करायची नाही. फाटक्या पुस्तकाचं आत्मवृत्त लिहून लिहून हात तिकडेच वळतो. माणूस स्वतःची ओळख करून देत जेवायला बसत नाही, तो सरळ म्हणतो, 'आज मीठ कमी पडलंय.' दोन : 'मी खूप दुःखी होतो' असं लिहायचं नाही. दुःखी माणसाचे हात काय करताहेत ते लिहायचं. व्हॅन गॉगने भावाला, थिओला, लिहिलेल्या पत्रात हेच सांगितलं होतं की ज्या हातांनी ही माणसं ताटातलं उचलताहेत त्याच हातांनी त्यांनी जमीन खणली आहे, हे त्याला दाखवायचं होतं. मुलांना हे लेखन झाल्यावर सांगा, आधी नको.

बोलीला आडकाठी करू नका. संवाद मालवणीत, अहिराणीत, वऱ्हाडीत, ज्याच्या घरी जे बोलतात त्यात येऊ द्या. डच शेतकरी प्रमाण मराठीत बोलला काय आणि माणदेशी बोलला काय, दोन्ही सारखंच खोटं. त्यातलं जे जिवंत वाटतं ते ठेवा. माझ्या एका विद्यार्थिनीने कॉफी ओतणाऱ्या बाईच्या तोंडी घातलेलं वाक्य होतं, 'म्हातारीला आदी दे, तिचं दात न्हाईत, तिला येळ लागतोय.' तिच्या घरची रोजची पंगत त्या एका वाक्यात आली होती. प्रमाणभाषेत तिने ते कधीच लिहिलं नसतं.

७. चौकटीबाहेर जा

आवाज सापडला की वेळ हलवा. या चित्राच्या आधीच्या पाच मिनिटांत काय झालं? दाराबाहेर कोण उभं आहे? दिवा विझला तर पहिलं कोण बोलेल? एकाच प्रश्नावर सगळ्यांनी लिहायचं नाही. तीन प्रश्न फळ्यावर, आवडेल तो घ्या.

आपल्या मातीत हे काम जुनं आहे. सिंधुदुर्गात कुडाळजवळच्या पिंगुळी गावातले ठाकर समाजाचे चित्रकथी कलावंत चित्रांची पोथी घेऊन रामायण-महाभारतातल्या गोष्टी सांगत आले. पोथी म्हणजे सुटी चित्रं. एकेक चित्र समोर धरायचं आणि गात गात त्याच्या आधीचं-नंतरचं सांगायचं. चित्रात एकच क्षण असतो, दोन चित्रांमधलं सगळं सांगणाऱ्याच्या तोंडात. शक्य असेल तर या चित्रांच्या प्रती वर्गात दाखवा आणि दोन सलग चित्रं देऊन मधली गोष्ट लिहायला सांगा. पुराणकथा टाळा म्हणालो त्याला हा अपवाद, कारण इथे मुलांना ठाऊक असलेली गोष्ट नव्याने सांगायची असते.

८. मोठ्याने वाचा

पहिला खर्डा चार-चारच्या गटात मोठ्याने वाचायचा. ऐकणाऱ्यांनी 'छान' म्हणायचं नाही. दोनच गोष्टी सांगायच्या : डोळ्यांसमोर उभं राहिलेलं एक वाक्य, आणि न कळलेली एक जागा. मग दुसरा खर्डा, शक्यतो दुसऱ्या दिवशी. व्हॅन गॉगने त्या एका चित्रासाठी हिवाळाभर शेतकऱ्यांचे चेहरे डझनावारी रंगवले होते, हे 'सर परत लिहायचं?' या प्रश्नाचं उत्तर म्हणून उपयोगी पडतं.

९. माहिती आता द्या

झाकलेली पट्टी आता काढा. चित्रकार कोण, साल कोणतं, मूळ चित्र केवढं, कुठे आहे. आकार जरूर सांगा. मोबाइलवर सगळी चित्रं तळहाताएवढीच दिसतात. 'बटाटे खाणारी माणसं' ८२ सेंटिमीटर उंच आणि ११४ सेंटिमीटर रुंद आहे, हे पट्टीने फळ्यावर आखून दाखवा.

इथे एक छोटी मौज करता येते. हातात दिवा घेतलेली, दुसऱ्या हाताने ज्योत जपणारी, बोटांतून उजेड झिरपणारी ती प्रसिद्ध स्त्री बऱ्याच जणांनी कुठे ना कुठे बघितलेली असते, आणि ती रविवर्म्याची असं ठोकून सांगणारे हमखास भेटतात. ती सावंतवाडीत जन्मलेल्या सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांची. जलरंगातली, १९४५-४६ च्या सुमाराची, मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात. तिच्यासाठी त्यांची स्वतःची मुलगी उभी राहिली होती. हे कळल्यावर एका मुलाने आपली आधीची गोष्ट बाजूला ठेवली आणि 'बाबा, हात दुखायला लागलाय' या वाक्याने नवी सुरू केली.

सातारा जिल्ह्यात असाल तर औंधच्या श्रीभवानी संग्रहालयाची सहल काढा, मुंबईत असाल तर काळा घोडा परिसरातली संग्रहालयं आहेतच. खऱ्या रंगाचा थर बघितलेलं मूल वेगळं लिहितं.

१०. तपासणी

लाल पेनाने शुद्धलेखन पहिल्याच वाचनात झोडपू नका, ते दुसऱ्या खर्ड्याला. मी १० गुण असे वाटतो : चित्रात खरोखर असलेले तपशील ४, चित्रात नसलेलं पण पटण्याजोगं ३, आवाज सलग राहिला का २, शुद्धलेखन १. पर्यवेक्षकांनी मला शेवटच्या एका गुणाबद्दल बोलावून घेतलं होतं. दहावीच्या कृतिपत्रिकेत कथालेखन आहे, प्रसंगलेखन आहे, आत्मकथन आहे, आणि हा सगळा त्याचाच सराव आहे, असं त्यांना दाखवल्यावर विषय मिटला. तुम्हीही हे उत्तर तयार ठेवा.

हमखास पाय घसरतो अशा जागा

'या चित्रात एक मुलगी आहे. तिच्या शेजारी…' हे प्राथमिक शाळेतलं चित्रवर्णन. अशी वही आली तर परत द्या आणि पहिली तीन वाक्यं खोडून पुढून वाचायला सांगा. गोष्ट बहुधा चौथ्या वाक्यात सुरू झालेली असते.

शेवटी 'तात्पर्य'. मुलं सवयीने लिहितात. तो शब्द आणि त्यानंतरचं सगळं कापा.

मोबाइलने चित्राचा फोटो काढून नाव शोधणं. एकाला सापडलं की वर्गभर पसरतं. पहिला खर्डा होईपर्यंत फोन तुमच्या टेबलावर. घरी नेलेला खर्डा एखाद्या यंत्राकडून लिहून आलाय का हे ओळखणं सोपं आहे : त्यात चित्रातला एकही बारीक तपशील नसतो आणि शेवटी सगळ्यांना आशेचा किरण दिसतो.

नग्नाकृती असलेली चित्रं कितीही थोर असली तरी पहिल्या वर्षी नकोत. पालकसभेत व्हॅन गॉग तुमच्या बाजूने बोलायला येणार नाही.

प्रताधिकार. वर्गात शिकवताना चित्र दाखवायला कायद्याची आडकाठी नाही. शाळेच्या वार्षिकांकात मुलांच्या गोष्टीशेजारी चित्र छापायचं असेल तर मात्र बघून घ्या. आपल्याकडे चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. ब्रूगेल, व्हॅन गॉग, रविवर्मा (मृत्यू १९०६), शेरगिल (१९४१) मोकळे आहेत. हळदणकर १९६८ साली गेले, त्यामुळे त्यांचं चित्र २०२८ संपेपर्यंत परवानगीशिवाय छापू नका.

आणि प्रती जपा. रंगीत ए-थ्री स्वस्त नाहीत आणि शाळा दर वर्षी पैसे देत नाही. प्लास्टिकच्या फायलीत घालून कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवा, खालच्या नको. माझा 'मुलांचे खेळ'चा पहिला संच एका जुलैत ओल लागून चिकटला, आणि सोडवताना सागरगोट्यांचा कोपरा नेमका फाटला.